दाराच्या जागी दार

"दादा, येऊ का भाईर?"

त्या दिवशी मी हे पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर कोण देणार? दादाला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

थांबा, रडू नका. माझी फजिती ऐकली की हसाल!

आम्ही दोघं भाऊ सांगोल्याचे. सोलापुरात दादा गवंडी, मी आधी त्याचा बिगारी, मग त्याच्या हाताखाली विटा लावणारा. भिंत घालताना तो बाहेरून, मी आतून. कमरेएवढी झाली की तो ओरडायचा, "ये आता भाईर!" मी टुणकन उडी मारायचो. वरचं काम त्याचं.

दादा गेल्यावर ठेकेदारानं त्याचीच थापी माझ्या हातात दिली. "आजपास्नं तू गवंडी. हे काम नीट झालं तर फुडची तुजी."

काम शुक्रवार पेठेत. दोन भावांची वाटणी झालेली, बोलणं बंद. घरातलं मधलं दार काढून तिथं भिंत घालायची. थोरले अलीकडं खुर्चीत डुलक्या घेत बसलेले. धाकटे पलीकडच्या आपल्या घराला बाहेरून कुलूप लावून दुकानात गेलेले.

मी चौकट उखडली. विटा, माल घेऊन सवयीनं आत, म्हणजे पलीकडं शिरलो. भिंत कमरेला आली, छातीला आली. हाक काही येईना! मी आपला "दादा, येऊ का भाईर?" विचारत लावतोय वीट. शेवटची वीट ठोकली, हात झटकले आणि निघालो.

कुठून निघणार?

थोडा वेळ तसाच बसलो. खोलीवर तरी कोण वाट बघत होतं? मग घाबरलो.

"मालक!"

"काय रं?" थोरले भिंतीपलीकडून.

"मी हितं हाय."

"हितं म्हंजी कुटं?"

"धाकट्या मालकांच्या घरात. त्यांना फोन करा की."

"आमी बोलत न्हाय."

"मग मी हितंच ऱ्हाऊ व्हय?"

शेवटी थोरल्यांनी फोन लावला. "आरं, मी दादा. तुज्या घरात गवंडी अडकलाय. चोर न्हाय रं, येडा हाय!"

धाकटे कुलूप काढून आले ते पोट धरूनच. "भिंत घालताना कळलं न्हाय व्हय तुला?"

"दादाच्या हाकंची वाट बघत हुतो."

"कुटला दादा?"

सांगितलं. त्यांचं हसू थांबलं. भिंतीपलीकडचंही.

मग धाकटे भिंतीला तोंड लावून म्हणाले, "दादा, पोराला च्या दे की."

"कसा देऊ? मधी भिंत हाय."

मला काय झालं कुणास ठाऊक! भिंत ओलीच होती. दिला खांदा. धडाधड विटा! थोरल्यांनी मागं उडी मारली आणि ओरडले, "येड्या, ये आता भाईर!"

आलो. विटांच्या ढिगावर बसून, नाक पुसत चहा प्यालो. भिंत परत घाल, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

संध्याकाळी ठेकेदार आला. "काय केलंस रं दिवसभर?"

काय सांगणार? गवंडी झालो आणि पहिल्याच दिवशी, ओळंबा लावून, जिथं दार होतं तिथंच दार बसवलं.