यशवंताचं चांदीचं पाणी

२०२५ साल. मला पंच्याहत्तरावं लागलेलं, यशवंत माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मांडवीला आमचं दोघांचं आरशांचं दुकान. इथली खारी हवा आरशाची पाठ खाते, म्हणून कारखान्यातले आरसे आले तरी आमचं चाललं. त्या दिवशी पूर्णगडच्या सलूनवाल्याची मोठी काच मी घासून ठेवली, यशवंताने तिच्या पाठीला चढवायचं चांदीचं पाणी कालवलं आणि म्हणाला, छातीत जड वाटतंय, घरी जरा टेकून येतो. थोड्या वेळाने त्याच्या मुलाचा फोन आला... "काका, बाबा गेले."

आमचं काम वाटलेलं. काच माझी, पाणी त्याचं. मी चौथीत शाळा सोडली. तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाताखाली राबलेला. तो समजवायचा, चांदीला अमोनियाने दोन्ही बाजूंनी धरलंय म्हणून ती पाण्यात गप राहते. साखरेचं पाणी आलं की सुटते आणि काचेवर बसते. एवढं मला पटायचं. पटलं नाही ते उरलेलं पाणी रोज ओतून देणं. तो म्हणे, राहिलं तर तळाला काळं धरतं, मग नुसत्या धक्क्यानेही बाटली फुटते. मी म्हणे, चांदी आहे ती, मासळीचं पाणी नव्हे.

"तुझ्या हट्टापायी एक दिवस दुकानाला छप्पर राहायचं नाय."

"आणि तुझ्या भीतीपायी मांडवीचं गटार चांदीचं होईल."

चाळीसेक वर्षं हेच चाललं.

फोन ठेवला तर समोर ती भरलेली बाटली. भांडायला तो असता तर मी ती ठेवली असती, खरं सांगतो. पण आता कुणाशी भांडू? नळ सोडला, सगळं ओतलं, बाटली विसळली. त्यात वेळ गेला.

त्याच्या घरी पोचलो तर अंगणात माणसं जमलेली. यशवंताचा मेहुणा सर्वांना ऐकू जाईल असं बोलला, की जिवाभावाचे दोस्त दुकान आवरून सावकाश आले. मी चपला काढून आत गेलो. खुलासे करत बसायची मला सवय नाही. वहिनी यशवंताच्या उशाशी होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"भावजी, ते पाणी ओतलंत ना?"

"ओतलं."

"बरं केलंत. तेच सांगत होते शेवटी... पुरतं बोलता नाही आलं."

मी तिथेच भिंतीला टेकून बसलो.

स्मशानातून परतताना लोक म्हणत होते, पाणी कालवणारा गेला, आता दुकान संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. काच परत घासली, त्याचे मापाचे पेले काढले आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा ते पाणी मी कालवलं. डोळे चुरचुरले. काचेवर आधी तपकिरी आलं, मग काळपट, मग हळूहळू चांदी बसली. डावीकडचा एक पट्टा पिवळट राहिला. बाटलीत अजून तांब्याभर पाणी होतं. ते ओतून दिलं, मग चहा घेतला.