बुरुलकानने तळ्यावर बसवलेला डबा

कारा-जार गावाच्या वर, हिमनदीच्या पायथ्याशी एक तळं आहे. त्याचा बांध म्हणजे नुसता दगडगोट्यांचा ढीग. तो एकदा फुटला तेव्हा बुरुलकान शाळेत होती. खालच्या आळीबरोबर तिचं आजोळही वाहून गेलं. पुढे ती बिश्केकला संगणक शिकली आणि शहरातली नोकरी नाकारून गावी, तळ्यावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात रुजू झाली.

"एवढं शिकून डबे सांभाळायला आली आमची सून," सासू शेजारणींना सांगायची. सुरात कौतुक किती आणि टोमणा किती, ते कळायचं नाही.

डबा म्हणजे तळ्याकाठच्या खांबावरचा, सूर्यप्रकाशावर चालणारा छोटा संगणक. पाण्याची पातळी मोजायची आणि ती फार चढली की गावातला भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. त्याची पहिली रचना होती केंद्राचे प्रमुख तेमिरकुल यांची. सगळे त्यांना बाइके, म्हणजे दादा म्हणत. त्यांच्या रचनेत डब्यापाशी स्वतःचं काहीच नव्हतं. चालू झाला की तो खिंडीतल्या रेडिओ मनोऱ्यामार्फत केंद्रातल्या यंत्राकडे आपला नेटवर्कवरचा पत्ता मागे, संगणक चालवणारी लिनक्सची सगळी प्रणाली तिथूनच उतरवून घेई आणि मग कामाला लागे. काही बदलायचं झालं तर केंद्रात बसूनच बदलता येई, डोंगर चढायला नको.

"आणि मनोरा पडला तर?" बुरुलकानने विचारलं.

"पडला तर उभा करू."

"तोवर डबा बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर नुसता हाका मारत बसेल. पाणी त्याच्यासाठी थांबणार आहे का, बाइके?"

"आभाळ कोसळेल म्हणून डोक्यावर कढई घेऊन फिरणारी बाई आहेस तू," ते हसून म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "बरं, कर तुला हवा तसा बदल. पण बिघडला तर वर तूच जायचंस."

बिघडला, आणि एकदा नव्हे. हिवाळाभर ती बर्फातून घोड्यावरून वर जात राहिली. सासू पिशवीत बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, भरून द्यायची, "तुझ्या त्या लेकरालाही दे हो," असं म्हणत. अखेर जमलं. आता प्रणालीच्या दोन प्रती डब्याच्याच पोटात होत्या. एक उठली नाही तर दुसरी उठायची. पत्ता कायमचा नेमलेला. मनोऱ्याची थोडी वाट पाहायची, उत्तर नाही आलं तर रेडिओवरून थेट भोंग्याशी बोलायचं. बाइकेंची सोयही तिने मोडली नाही. नवे बदल नेटवर्कवरूनच यायचे, पण दुसऱ्या प्रतीत. ती नीट चालल्याशिवाय पहिलीला हात लागत नसे.

उन्हाळ्याच्या तोंडावर मोठं वादळ झालं. मनोरा आडवा झाला, डब्याच्या सौरपत्र्यावर बर्फ साचून तो विझला. पाठोपाठ असं कडक ऊन पडलं की हिमनदी भराभर वितळू लागली. केंद्रातल्या पडद्यावर डब्याची काही खबर नव्हती. बुरुलकान आणि बाइके मनोरा उभा करायला अवजारं घेऊन निघतच होते, तेवढ्यात गावातला भोंगा वाजला.

बाइके थबकले. "बिघाड असेल का?"

"नाही," ती म्हणाली. "तो उठलाय."

ती खालच्या आळीकडे धावली. दारोदार हाका मारत तिने माणसं टेकडीवर चढवली. सासू चहाची किटली सोडायला तयार नव्हती, ती किटलीसकट चढली. पाणी आलं ते झाडंझुडपं घेऊनच. पूल गेला, मेंढ्यांचे वाडे गेले. टेकडीवर माणसं पुन्हा पुन्हा मोजली. एकही कमी नव्हतं.

सासूने बुरुलकानच्या हातात चहाचा वाडगा दिला आणि शेजारणींकडे वळून ठणकावून सांगितलं, "आमच्या सुनेने बसवलाय तो."

पाणी ओसरल्यावर बाइके तिच्यासोबत तळ्यावर गेले. पहिली प्रत वीज जाता-येता खराब झाली होती; डबा दुसरीवर चालत होता. बाइकेंनी त्याच्यावरची धूळ बाहीने पुसली.

"बाकीच्या तळ्यांचे डबेही असेच करायचे," ते म्हणाले. "आणि मला शिकव. एकटी कुठे कुठे चढशील?"

"उद्यापासून सुरू करू, बाइके," ती म्हणाली आणि तिने घोड्याचा पट्टा आवळला.