शेजारची वाडी

वडिलांनी वाडीतलं राबणं सोडावं म्हणून मी मस्कतहून दर महिन्याला ड्राफ्ट पाठवायचो. फोनवर ते नुसतं "बरं" म्हणायचे. दोन वर्षांनी सुट्टीवर गावी, पापडीला आलो, तर ते सकाळीच वाडीत गेलेले. मी ओटीपासून विहिरीपर्यंत फेऱ्या मारत राहिलो. आईने दिलेला चहाही उभ्यानेच प्यायलो. शेवटी न राहवून मागे गेलो, तर ते कुंपणापलीकडे, शेजाऱ्याच्या वाडीत केळीची रोपं लावत होते.

"या वयात लोकांच्या वाडीत कशाला राबता?"

"लोकांची नाय आता. तुझ्या पैशांनी घेतली."

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही आराम करावा म्हणून पाठवत होतो मी."

हाताची माती झटकत ते म्हणाले, "तू परत येशील, तवा तुला कामधंदा नको? पानी बी हाय हितं."

कायमचं कॅनडाला जायचे कागद माझ्या बॅगेत होते. सकाळपासून फेऱ्या मारत होतो तो तेच सांगायचं म्हणून. मी तोंड उघडलं आणि पुढचं रोप कुठे लावायचं, ते विचारलं.