पुण्याची हवा आणि डबीभर पाणी

कात्रजचा बोगदा ओलांडून गाडी पुण्याकडे उतरायला लागली तेव्हा माझा खालचा ओठ फुटला होता. जिभेवर रक्ताची चव आली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "कोकणातून आलात वाटतं. तूप लावा, इथं थंडीत असंच होतं." माझ्याकडे तूप नव्हतं. पिशवीत होते दोन शर्ट, लेकीसाठी सुके बांगडे आणि तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी.

आपल्या वाचनालयाच्या अंकात काशी-रामेश्वरची वर्णनं येतात. मी गेलो फक्त पुण्याला. तरी लिहितोय, कारण मी का गेलो याबद्दल गावात नाही नाही ते बोललं जातंय. कुणी म्हणतं दत्ताराम पिऊन होता. मी पिऊन नव्हतो. मी झोपलो होतो.

सव्वीस वर्षं मी खाडीवरची तर (माणसं, गाड्या पलीकडे नेणारी मोठी होडी) चालवतोय. मार्गशीर्षातल्या त्या सकाळी सुकाणूवर हात होते, डोळे उघडे आहेत असं मला वाटत होतं, आणि तर खडकाकडे निघाली होती. पुढच्या बाजूला शाळेच्या मुली उभ्या होत्या. खलाशी इब्राहिमनं मला ढकलून चाक फिरवलं म्हणून आज तुमच्यासमोर लिहितोय. मालक ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "डॉक्टरचं पत्र आण, मग चाकाला हात लाव."

पुण्याच्या डॉक्टरांनी एक रात्र अंगाला वायरी लावून झोपवलं आणि सांगितलं की झोपेत माझ्या घशाची वाट मिटते. रात्रीतून शेकडो वेळा श्वास अडतो, मेंदू दचकून जागा होतो, आणि न झालेली झोप दिवसा वसूल होते. उपाय म्हणजे सीपॅप. उशाशी ठेवायचं छोटं मशीन, त्याला नळी, नळीला नाकावरचा मास्क. मशीन हवा दाबानं आत ढकलतं आणि वाट उघडी ठेवतं. मशीनच्या पोटात पाण्याची डबी असते, तिच्यातलं पाणी तापून हवा ओलसर होते.

"आठवडाभर रोज किमान चार तास लावा," डॉक्टर म्हणाले. "मशीन सगळं नोंदवतं. मग पत्राचं बोलू."

माझी लेक वैशाली धायरीत दिली आहे. धायरी पूर्वी गाव होतं, आता इमारतींच्या रांगा आहेत. पण तिचे सासरे तात्या अजून पहाटे उठून, नसलेल्या बैलांना चारा घालायचा असल्यासारखे अंगणात फेऱ्या मारतात. त्यांनी मला आग्रहानं पिठलं, भाकरी, ठेचा वाढला. मशीन वैशालीनं डोक्यावरच्या फळीवर ठेवलं. खिडकी मी उघडी ठेवली. बंद खोलीत मला झोप येत नाही.

पहिल्या रात्री तासाभरात नाक आतून तडकल्यासारखं झालं. दुसऱ्या रात्रीही तेच, आणि सकाळी उशीवर रक्ताचा डाग. तिसऱ्या सकाळी मशीननं आकडा दाखवला, एक तास बावन्न मिनिटं. वैशालीनं उशीचा अभ्रा बदलला, आणि ती पाठमोरी असताना तिचे खांदे मला सगळं सांगून गेले.

त्या दिवशी ती मला मंडईत घेऊन गेली, जरा बरं वाटेल म्हणून. काय तो भाजीचा थाट! हिरव्या वाटाण्याचे ढीग, गाजरं, पावट्याच्या शेंगा. वैशाली वांगी निवडत होती तेवढ्यात मी एका गाळ्याच्या कडेला टेकलो. पुढचं आठवतं ते भाजीवाल्या बाईंचा आवाज.

"काका, झोपायचंच असेल तर बटाट्यांवर झोपा. कोथिंबीर दबते."

लोक हसले. मीही हसलो. इथं कोथिंबीर होती. चाकावर असतो तर?

त्या रात्री मी स्वतःच मशीनची बटणं दाबली. आर्द्रतेचा आकडा दोनवर होता, तो थेट आठवर नेला. नाकाला ऊब आली आणि डोळा लागला. मग कधीतरी नळीत गुडगुड झाली आणि गार पाण्याची चूळ नाकात शिरली. खाडीत दोनदा बुडता बुडता वाचलेला माणूस मी. अंथरुणात बुडतोय असं वाटून मास्क ओरबाडला आणि भिंतीला टेकून सकाळपर्यंत बसून राहिलो. कुणाला सांगितलं नाही. मशीन साऱ्या दुनियेला चालतं, मलाच चालत नाही, तर दोष माझाच असणार.

पाचव्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघेच व्याही होतो. तात्या माझ्या खोलीत आले, दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "पाव्हणं, एक बोलू का? मशीनला काय कळतंय, नाक कुणाचं हाय?"

"म्हणजे?"

"म्या आडवा झालो की लाकडागत झोपतो. तीन राती मी लावतो. घंटे भरत्याल, पत्र मिळंल. पोरगी आतल्या आत झुरतीया, बघवत न्हाई."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी मास्क पुसून त्यांच्या हातात दिला.

तात्या माझ्या अंथरुणावर आडवे झाले. आदल्या रात्रीचा आठ आकडा तसाच होता. मशीन सुरू झालं, आणि पडद्यावर माझ्या नावानं त्यांची मिनिटं जमा व्हायला लागली. सहा, सात, आठ. त्यांचे डोळे मिटले. मी खुर्चीवर बसून पाहत होतो. हे पत्र मी मालकांना देणार. मालक ते वाचून मला चाक देणार. आणि त्या मुली पुन्हा पुढे उभ्या राहणार, माझ्या भरवशावर. मी उठून मास्कला हात घातला.

"काढा तात्या. नको हे."

पण त्याच क्षणी ते स्वतःच ताडकन उठून बसले, मास्क ओढून काढला आणि खोकायला लागले. मिशांवरून पाणी ओघळत होतं.

"आरं, ह्यात तर पानी हाय! तुम्ही ह्यात झोपता व्हय?"

लाकडासारखा झोपणारा माणूसही उठला होता. म्हणजे दोष नाकाचा नव्हता.

"रात्री मलाही असंच झालं," मी म्हणालो. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो.

"मग बोलला का न्हाई? चला, उठा. मशीन घ्या."

तात्यांच्या स्कूटरवर मागे बसून, मशीन पोटाशी धरून मी बिबवेवाडीला गेलो. सिंहगड रोडच्या गर्दीत दर सिग्नलला ते ओरडून विचारत, "जागं हाय न्हवं?" आणि मी ओरडून सांगत होतो, "जागा आहे!"

मशीन जिथून घेतलं ते दुकान एका पिठाच्या गिरणीशेजारी आहे. चालवतात नसरीनबाई. त्यांच्या वडिलांनी तिथंच आयुष्यभर स्टोव्ह दुरुस्त केले. बाई आता श्वासाची मशीनं बघतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मशीन कुठं ठेवता?"

"डोक्यावरच्या फळीवर."

"आणि खिडकी?"

"उघडी."

"या थंडीत. वा!" त्यांनी चष्मा पुसला. "गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, पाहिलाय ना? तुमच्या नळीला तो आतून येतोय. आत गरम ओली हवा, बाहेर गारठलेली खोली. मशीन वर, तुम्ही खाली. ते पाणी कुठं जाणार? पर्वतीवर?"

तात्या खो खो हसले. बाई हसल्या नाहीत.

"नळीचं तापमान कितीवर आहे?"

"ते वेगळं असतं?" मी विचारलं.

"नळीत तार आहे, ती तापते. तुमची सगळ्यात खालच्या आकड्यावर आहे, सोळा अंश. आमच्या माणसानं दाखवलं नसेल तर चूक आमची. दाखवलं असेल तर तुम्ही ऐकलं नाहीत. झोपा त्या बाकावर."

त्यांनी मशीन बाकाखाली ठेवलं आणि आर्द्रता आठावरून चारवर आणली. दहा मिनिटांनी गुडगुड थांबली, पण नाकाच्या शेंड्याला गारवा लागत होता. मग नळीचं तापमान सत्तावीसवर नेलं. हवा बदलली. ती आता आत ढकलली जातेय असं वाटेना. मीच घेतोय असं वाटलं.

"आकडे एकदम फिरवायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "एका वेळी एकच, आणि एक-दोन रात्री थांबायचं. नाहीतर कशानं बरं वाटलं हेच कळत नाही. डबीत उकळून गाळलेलं नाही, डिस्टिल्ड पाणी. रोज ओतून टाकायचं. खिडकी पाहिजेच असेल तर बोटभर."

त्या रात्री पाच तास दहा मिनिटं झाली. दुसऱ्या रात्री सहा. वैशालीनं आकडा पाहिला, मला चहा दिला आणि माझ्याच कपातला घोटभर प्याली, लहानपणी प्यायची तशी.

आठव्या दिवशी डॉक्टर पडद्यावरची नोंद बघत होते. मी म्हणालो, "साहेब, पाचव्या दिवशी दुपारची अकरा मिनिटं माझी नाहीत." आणि का नाहीत तेही सांगितलं. बाहेर बाकावर तात्या बसले होते, त्यांना ऐकू गेलं असेल.

डॉक्टरांनी पाचव्या दिवसाची नोंद पुन्हा काढून पाहिली. मग म्हणाले, "अकरा मिनिटांनी निकाल बदलत नाही. पण पत्र आज मिळणार नाही. दोन-तीन चांगल्या रात्रींवर मी कुणाला चाक देत नाही. आणखी पंधरा दिवस."

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं.

पंधरा दिवस राहिलो. दिवसा डुलक्या येणं थांबलं. शेवटी पत्र मिळालं: रोज मशीन वापरण्याच्या अटीवर चालवू शकतो, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

परतीच्या वाटेवर कुंभार्लीचा घाट पूर्ण जागेपणी पाहिला. एवढी वर्षं येजा केली, पण त्या दरीत इतक्या वाड्या आहेत हे माहीत नव्हतं. चिपळूण आलं तशी हवा अंगाला चिकटायला लागली.

घरी पहिल्या रात्री पुण्याचे आकडे लावले तर मास्कमध्ये पुन्हा पाण्याचे थेंब. या वेळी घाबरलो नाही. आपल्याकडची हवा मुळातच भिजलेली. तिला पुण्याइतकं पाणी कशाला? आर्द्रता चारावरून दोनवर आणली, बाकी काही हलवलं नाही, आणि झोपलो. माणसं गावागणिक बदलतात असं आपण म्हणतो. श्वासही गावागणिक नव्यानं बसवावा लागतो, हे मी या प्रवासात शिकलो.

सकाळी उठलो तर बायको अंथरुणाशेजारी बसलेली, डोळे तांबारलेले.

"झोपली नाहीस?" मी विचारलं.

"कशी झोपणार? तीस वर्षं तुमच्या घोरण्यात झोपतेय. काल घरात आवाजच नव्हता. दोनदा उठून तुमच्या छातीवर हात ठेवून बघितलं."

"मग?"

"मग काय," ती उठत म्हणाली, "हलत होती."