पिवळी चौकट

दसरा जवळ आला की कौसाकाकी अंगणात रंगाचे डबे मांडून बसायची. एका जुन्या फळीवर ब्रशचा फराटा ओढायचा, फळी छातीशी धरून पार तुळशीपलीकडे जाऊन उभं राहायचं आणि ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला, तात्यांना, विचारायचं, "कसाय?" तात्या खाकरायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय." तेवढ्यावर समाधान मानेल ती काकी कसली. ती परत यायची, पिवळ्यात थोडा शेंदरी ओतायची, काडीनं ढवळायची, नवा फराटा ओढून पुन्हा तुळशीपलीकडे. तात्यांनी न खाकरता "बराबर" म्हणेपर्यंत हा खेळ चालायचा. "आमचं माणूस खोटं बोलायच्या आधी खाकरतंय," ती मला म्हणायची. "देवानं येवढी एक खूण बरी दिली."

मला वाटायचं, काय हौस आहे म्हातारीला. तेव्हा ती म्हातारी नव्हतीच, पण मी नवी नवरी होते आणि नव्या नवरीला चाळिशीची बाई म्हातारीच दिसते. कौसाकाकी माझी चुलत सासू. टेंभुर्णीत आमची आणि त्यांची भिंत एकच. त्र्याऐंशी साली वरातीची जीप गल्लीत शिरली आणि चुना दिलेल्या पांढऱ्या घरांमधून एक घर असं समोर आलं की मी मुंडावळ्या बाजूला सारून पाहिलं. भिंत मोरपंखी, उंबरा लालभडक, ओट्याची कड काळी आणि दाराची चौकट झेंडूसारखी पिवळी. "हे आपलं का?" मी नवऱ्याला हळूच विचारलं. "न्हाई, काकांचं. आपलं शेजारचं," तो म्हणाला, आणि माझ्या जिवात जीव आला.

घर पिढ्यांचं होतं, माळवदाचं, जाड भिंतींचं, माजघरात दिवसाही अंधार. बाहेरून जे रंग तेच आतून. माजघराची एक भिंत राणी रंगाची, स्वयंपाकघराची पोपटी, खांब केशरी. आणि त्यात भर म्हणून जुन्यापान्या वस्तू. जालन्याला जुन्या बाजारात एक हमीदभाई होते, निजामाच्या वेळच्या घरांतलं सामान विकत घेऊन विकायचे. काकी त्यांच्याकडून लाल मखमलीची हातांची खुर्ची घेऊन आली, टोले देणारं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आली, आणि एक पुरुषभर उंचीचा आरसा चक्क एसटीच्या टपावर टाकून आणला. तो तिनं खिडकीसमोर लावला, तशी माजघरात उजेडाची एक पट्टी पडायला लागली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "या वयात आरसा? नटायची हौस फिटंना बाईची."

गल्लीत त्या घराला 'सर्कस' म्हणत. काकीला ते ठाऊक होतं. एकदा सासूबाईंनी तोंडावर सुनावलं, "कौसे, चार घरांसारखा चुना दे की गं." काकी ब्रश धुता धुता म्हणाली, "माझा मालक जित्ता हाय, जाऊबाई. घराला पांढरं कशापायी नेसवू?" सासूबाई महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. काकीला त्याचंही काही वाटलं नाही, निदान तसं तिनं दाखवलं नाही.

तिची आणखी एक खोड गावाच्या डोळ्यांत सलायची. ती नवऱ्याच्या पुढं चालायची. आमच्याकडं बाईमाणूस दोन पावलं मागं राहणार, ही रीत. ही मात्र नारिंगी नाहीतर पोपटी लुगडं नेसून, हातातल्या बांगड्या वाजवत झपाझप पुढं, आणि तात्या पागोटं बांधून, मान ताठ, तिच्या मागं. तात्या भावकीत वडील. वाटण्या, सोयरिकी, बांधाची भांडणं, त्यांच्या शब्दाशिवाय काही हलत नसे. असा माणूस बायकोच्या मागून चालतो म्हणून पारावरचे लोक हसायचे. पण हसायचे ते काकीला. "बायकोनं दावणीला बांधलंय म्हाताऱ्याला," असं म्हणायचे आणि तात्या समोर आले की उठून रामराम करायचे.

घरात एकच नियम होता, जागची वस्तू जागीच. खुर्ची त्या केशरी खांबाशेजारी म्हणजे तिथंच, तांब्या खुर्चीच्या उजव्या हाताला म्हणजे तिथंच. लेकरं खेळताना पाट जरी सरकला तरी काकी खेकसायची. आम्ही सगळ्या सुना आपसांत तिची नक्कल करायचो. मी तर फार छान करायचे.

मग दिगूची सुपारी आली. दिगू काकीचा एकुलता एक, जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत नुकताच चिकटलेला. सोयरे कुंभार पिंपळगावचे, तालेवार. बैठक घालायची म्हणून कुणीतरी लाल खुर्ची उचलून भिंतीला लावली. तात्या आतून आले, ऐटीत सगळ्यांना रामराम केला, खांबाला हात लावला आणि बसले. खाली खुर्ची नव्हती. पागोटं एकीकडं, तात्या एकीकडं. तेही सोयऱ्यांसमोर. तेवढ्यात काकी पुढं आली आणि मोठ्यानं हसली. "माझंच मेलीचं ध्यान. हे बसायलेत हे पाहिलं न्हाई आन् मी खुर्ची वढली." सासूबाईंनी तिथंच तिला झाडलं. दिगू लाजेनं काळाठिक्कर पडला आणि त्यानं आईकडं अशा नजरेनं पाहिलं की तसं माझ्या पोरानं माझ्याकडं पाहिलं असतं तर मी विहीर जवळ केली असती.

मी तिथंच उभी होते. काकी खुर्चीच्या जवळपासही नव्हती, ती चुलीपाशी पुरणाचा खडा मोडत होती. मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेले. पळी खाली ठेवून ती चुलीतला विस्तव उगाच सारत होती.

"काकी, तुम्ही तर इथं होतात," मी म्हणाले.

ती दाराकडं पाहून हळू म्हणाली, "त्यांना दिसत न्हाई गं. लई वर्सं झाली. जालन्याच्या डॉक्टरला दावलं, औरंगाबादला गेल्तो. नस सुकून राह्यली म्हने, इलाज न्हाई. बारीक काईच दिसत न्हाई, मानसाचं तोंड दिसत न्हाई. भडक रंग तेवढा कळतो."

मी पोपटी भिंतीकडं पाहिलं आणि मला सगळं घर एकदम कळलं. लाल उंबरा म्हणजे पाय उचला. काळी कड म्हणजे ओटा संपला. राणी रंग म्हणजे माजघर, पोपटी म्हणजे चूल, इथं विस्तव आहे. टोले वाजले की किती वाजले ते कुणाला विचारायला नको. आरसा तिच्या नटण्यासाठी नव्हता, त्यांच्या वाटेवर उजेड पाडायला होता. आणि नारिंगी लुगडं पुढं चालायचं ते मागच्याला वाट दिसावी म्हणून.

"पण मग सांगायचं की सगळ्यांना," मी म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं.

"सांगून काय होईल? उद्यापास्नं कोन इचारील त्यांना? वसरीला घोंगडी टाकून बसवतील आन् भाकरीचा तुकडा नेऊन देतील. आंधळा म्हनतील गं. त्यापरीस मला येडी म्हनू दे. येडीचं काय जातंय?" तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पळी उचलली. "तू बी काई बोलायचं न्हाई. दिगूजवळ बी न्हाई. त्यांनी मला देवापुढं हात ठेवायला लावलाय."

मी बोलले नाही. त्या दिवसापासून तिची नक्कल मात्र मला पुन्हा जमली नाही.

पुढं माझ्या नवऱ्याची बदली जालन्याला झाली आणि आम्ही तिकडं राहायला गेलो. दर दसऱ्याला गावी गेलं की अंगणात फळी असायचीच. फक्त काकी आता तुळशीपलीकडे जायची नाही, तुळशीच्या अलीकडेच थांबायची, मग ओट्याच्या पायरीशी. डबा दरवर्षी जास्त ढवळावा लागायचा. फळीवर इतके थर चढले होते की ती जड झाली होती. तात्या पारावर जात, सोयरिकी जुळवत, लोक रामराम करत. वय झालं, आता जरा कमी दिसतं, एवढंच गावाला आणि दिगूला माहीत. शेवटी शेवटी मोरपंखी गेला, लाल गेला, असं काकीनं मला एकदा सांगितलं. "पिवळी चौकट तेवढी दिसते. तेवढ्यावर भागवून राह्यलो." हे सांगताना ती हसली होती.

आणि गेली ती काकीच. दोन हजार दोनचा पावसाळा सरत आला होता. छातीत दुखतंय म्हणून बसली ती उठली नाही. दसऱ्याचे डबे आणून ठेवलेले होते. सवाष्ण बाई, हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. उचलताना तात्या पिवळ्या चौकटीला हात लावून उभे होते आणि रडत नव्हते. हिरवा रंग त्यांना दिसला असेल का, हेच माझ्या मनात येत राहिलं. तिसऱ्या दिवशी लेकरांच्या परीक्षा म्हणून मी जालन्याला परत आले.

सुतक फिटलं की घर धुऊन सारवून त्याला चुना द्यायचा, ही आमच्या भावकीची रीत. आजवर कुणाच्या घराला काही झालं नाही त्यानं. मी तेराव्याला आले आणि गल्लीत मला ते घर सापडेना. सगळी घरं पांढरी होती. दिगूनं भिंती, खांब, उंबरा, चौकट, काही सोडलं नव्हतं, दोन हात चुना दिला होता. "आता घर घरासारखं दिसतं, नाही का वहिनी?" तो म्हणाला. त्याचे डोळे रडून सुजले होते. हिरव्या लुगड्यात गेलेल्या बाईचं घर पांढरं नेसून उभं होतं.

पंगती उठल्यावर तात्यांनी मला आवाजावरून ओळखून जवळ बसवलं. "सूनबाई," ते म्हणाले, "ती जाताना माझे डोळे बी संगं घेऊन गेली. गेली त्या दिशी चौकट दिसत होती मला. सुतक फिटलं त्याच्या दुसऱ्या दिशी उठून बसलो तं काईच न्हाई. समदं एकसारखं. बरं झालं म्हना. आता पाहायचं तरी काय?" चौकटही पांढरी केलीय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी उठून दिगूला गोठ्यात नेलं आणि देवाची माफी मागून सगळं सांगितलं. खुर्चीचं, लुगड्याचं, रंगांचं. तो जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन म्हणाला, "मी तिला सुपारीच्या दिवशी काय काय बोललो होतो, वहिनी. ती ऐकून घेत होती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं काकीचे डबे फोडले. गोठ्यातून फळी आणली. काकी अमुक इतका शेंदरी घालायची असं कुठं काही नव्हतं, ती डोळ्यांनी नाही, तात्यांच्या घशाकडं कान लावून रंग करायची. दिगूनं अंदाजानं ढवळलं, फळीवरच्या जुन्या थराशी ताडून पाहिलं, फराटा ओढला आणि फळी छातीशी धरून बापापासून हातभर अंतरावर उभा राहिला.

"तात्या, दिसतं का?"

म्हाताऱ्यानं मान वर केली. पोराच्या आवाजातलं रडू त्यांनी ऐकलं असणार. ते खाकरले. मग म्हणाले, "दिसतं की. बराबर हाच."

दिगू त्यांच्या पायांवर पडला. मग त्यानं हौसेनं चौकट रंगवली, दोनदा हात दिला. खाकरण्याचं मी त्याला सांगितलं नाही. रंग चुकला होता की तेवढ्या दिवसांत डोळेच विझले होते, मला आजवर कळलेलं नाही.

तात्या त्यानंतर तीन दसरे जगले. दर दसऱ्याला दिगू जालन्याहून येऊन चौकट रंगवायचा. बाहेर निघाले की तात्यांचा हात आधी भिंतीला लागायचा, मग चाचपडत चौकटीला. कुणी भेटायला आलं की ते आपणहून सांगायचे, आधी खाकरून, "दार दिसतं बरं का मला. दिगूनं रंगवलंय."