चुकीची मालिका

नाते गावाहून महाडला नेणारा तो रिक्षावाला निघताना तीनदा हॉर्न वाजवतो आणि वाटभर बोलतो. माझा म्हातारा गेल्यावर मी बोलणं टाकलं होतं. संध्याकाळची मालिका तेवढी पाहायची. हे रिक्षावाल्याला माझ्या सुनेनं सांगितलं असावं. दर खेपेला तो मालिकेची गोष्ट सांगे, तीही चुकीची.

"काल सुनेनं सासूला घराबाहेर काढलं ना गो आजी?"

पाच खेपा मी गप्प बसले. सहाव्या खेपेला ओरडले, "मेल्या, सून आपल्या पायानं गेली! डोळे फुटले काय तुझे?"

"मग पुढं काय झालं?"

महाड येईपर्यंत मी सांगत राहिले.

परवा बाजारात त्याची बायको भेटली. म्हणाली, "एक भाग चुकवत नाय ते. जेवतात पण टीव्हीपुढंच."

आज त्यानं पुन्हा चुकीचं सांगितलं. मी पुन्हा शिव्या घातल्या.