अ‍ॅशट्रे डावीकडेच होता

इन्शिराह झकी यांनी एकोणीस वर्षं आमच्या स्टुडिओत एकच काम केलं. कुठली वस्तू कुठे होती, ते लक्षात ठेवायचं. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी तयार होतो. नायिका दारातून आत येते ती सोमवारी, आणि खुर्चीवर बसते ती पुढच्या गुरुवारी. तेवढ्या दिवसांत तिच्या कपातली कॉफी वाढता कामा नये, केसांतली पिन दुसऱ्या बाजूला जाता कामा नये. हे बघायला कॅमेऱ्याशेजारी एक बाई वही घेऊन बसते. आमच्याकडे ती बाई म्हणजे मादाम इन्शिराह.

मी रगब. सेटवरचं सामान लावायचं माझं काम, म्हणून दिवसातून वीस वेळा त्यांच्याशी गाठ पडायची. नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेलेला, मूलबाळ नाही. शहरातल्या शुब्रा वस्तीत दोन खोल्यांत आजारी आईबरोबर राहायच्या. सकाळी ट्राम, मग पिरॅमिडच्या रस्त्याची बस. संध्याकाळी तेच उलट. हसायच्या कमी, पण जीभ तिखट होती. एका नायकाने एकदा विचारलं, मादाम, काल मी सिगारेट कुठल्या हातात धरली होती? त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "सिगारेट उजव्या हातात. डावा हात तुम्ही शेजारणीच्या खांद्यावर विसरला होतात."

आस्वानच्या धरणाच्या बातम्या रेडिओवर सकाळ-संध्याकाळ चालायच्या, त्या काळातली ही गोष्ट. फिक्री नावाचा तरुण दिग्दर्शक परदेशात शिकून आला होता. जुने रहस्यपट त्याने पाठ होईपर्यंत पाहिलेले. प्रत्येक शॉटचं चित्र आधी कागदावर काढायचा. त्याच्या सिनेमात एक श्रीमंत विधवा एका मोठ्या फ्लॅटमध्ये एकटी राहते आणि घरातल्या वस्तू आपोआप जागा बदलताहेत असं तिला वाटू लागतं. पांढऱ्या भिंती, बाटलीसारखे हिरवे पडदे, गोल जिना, लाकडी झडपांतून जमिनीवर पडणाऱ्या उन्हाच्या पट्ट्या. इतका देखणा सेट मी दुसरा लावलेला नाही.

नायिका होती जीलान. दिसायला फार सुंदर, पण घाबरायला सांगितलं की नुसते डोळे मोठे करायची.

तिसऱ्या दिवशी फिक्रीने मला बाजूला घेतलं. जेवणाच्या सुट्टीत एखादी वस्तू वीतभर सरकवायची आणि कुणाला सांगायचं नाही, असं त्याने बजावलं. जीलानला खरोखर चुकल्यासारखं वाटलं पाहिजे, म्हणाला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. टेबलावरचा अ‍ॅशट्रे मी डावीकडून उजवीकडे नेला.

जीलानला पत्ताही लागला नाही. शॉट सुरू होणार तोच मादाम इन्शिराहनी हात वर केला. म्हणाल्या, अ‍ॅशट्रे डावीकडे होता.

"उजवीकडेच होता," फिक्री म्हणाला. "काय रे रगब?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "उजवीकडेच होता, मादाम."

त्यांनी वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. खोडरबर काढून सकाळची नोंद खोडली आणि नवीन लिहिली. एकोणीस वर्षांत त्यांना काही खोडताना मी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून हे रोज चालू झालं. घड्याळ, फुलदाणी, तसबीर, खुर्ची. रोज त्या हात वर करायच्या, रोज फिक्री शांतपणे नाही म्हणायचा आणि रोज मी मान डोलवायचो. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी हात वर करणं सोडलं, नोंद आपणहून खोडू लागल्या. सेटवर सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या राहायच्या, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावत ओठांतल्या ओठांत वस्तू मोजायच्या आणि शेवटी घाम आलेला तळवा झग्याला पुसायच्या. मग पुन्हा पहिल्यापासून.

चष्मा बदलून झाला. डॉक्टरने तपासून विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. एका दुपारी आम्ही भिंतीच्या सावलीत घेवड्याची उसळ आणि पाव खात बसलो होतो, तेव्हा त्या स्वतःहून बोलल्या. गॅस बंद आहे का ते बघायला ट्रामच्या थांब्यावरून तीनदा घरी परतले, म्हणाल्या. आईला सकाळची गोळी दिली की नाही ते आठवत नाही, म्हणून आता गोळ्या शेजारच्या उम्म वजदीकडे ठेवल्यात, तीच मोजून देते.

"रगब, माझी मावशी अशीच सुरू झाली होती," त्या म्हणाल्या. "शेवटी तिला आरसा दाखवला तर घरात परकी बाई शिरली म्हणून ओरडायची."

माझ्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत सांगून टाकायचं ठरवलं होतं. गिळला आणि म्हणालो, उन्हाचा त्रास असेल. माझ्या तीन मुली होत्या आणि फिक्री मोठ्या लोकांच्या बैठकीतला. ही कारणं खरी आहेत. पण खरं तर रोज थोडं थोडं खोटं बोलत गेलं की एकदम खरं बोलायला फार ताकद लागते, आणि ती माझ्यात नव्हती. मी घरी जाऊन न जेवता झोपायचो.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी तोवर चित्रित झालेले तुकडे पडद्यावर बघायला सगळे छोट्या खोलीत जमले. हिरव्या पडद्यासमोर जीलान उभी होती. तिने अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावला. ओठ हलत होते. सगळी बोटं झाली, तिने तळवा कमरेशी पुसला आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. ती भीती खरी होती.

अंधारातून मादाम इन्शिराहचा आवाज आला, "हे पटकथेत नाही."

जीलानने निरागसपणे उत्तर दिलं, "उस्ताद फिक्रींनीच सांगितलं होतं ना, मादाम. तुमच्याकडे बघत राहा आणि तसंच कर, म्हणून."

दिवे लागले. फिक्री काहीतरी बोलायला उठला, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळल्या.

"रगब, अ‍ॅशट्रे कुठे होता?"

"डावीकडे, मादाम."

"आणि घड्याळ?"

मी सांगितलं. मग फुलदाणी, तसबीर, खुर्ची, सगळं सांगितलं. त्यांनी वही उघडली. खोडलेल्या नोंदींचे वळ कागदावर राहिले होते. एकेक वळ बघून त्या पेन्सिलीने पुन्हा गिरवत गेल्या. तेवीस नोंदी होत्या. बराच वेळ लागला. कुणीही उठून गेलं नाही.

फिक्रीने शेवटी समजावणीच्या सुरात सांगितलं, मादाम, हा सिनेमा लोक विसरणार नाहीत, तो तुमच्यामुळे. जीलानला नुसतं सांगून ते जमलं नसतं, म्हणून हे करावं लागलं. सुरुवातीला ते तिच्यासाठीच होतं. तुमचा चेहरा बघितला आणि मला थांबवेना.

"पंधरा दिवस माझ्या आईच्या गोळ्या शेजारीण मोजतेय," त्या म्हणाल्या. एवढंच. वही मिटली आणि बस चुकेल म्हणून निघाल्या.

मला वाटलं, उद्या येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या. आठ दिवसांचं काम उरलं होतं, ते पूर्ण केलं. त्या आठ दिवसांत मी काही सरकवलं नाही. तरी त्या प्रत्येक शॉटआधी मला विचारायच्या, हे इथेच होतं ना? माझ्यावर विश्वास राहिला नव्हता आणि स्वतःवरही नाही. शेवटच्या दिवशी वही कार्यालयात जमा करून त्यांनी नोकरी सोडली. पुढे एका मुलींच्या शाळेत ग्रंथालयात लागल्या.

सिनेमा चालला. बायका एकमेकींचे हात धरून बाहेर पडायच्या. जीलानच्या त्या बोटांबद्दल वर्तमानपत्रांत लिहून आलं. मादाम इन्शिराहचं नाव सिनेमाच्या नामावलीत होतं, बारीक अक्षरांत, माझ्या नावाच्या वरती.

हिवाळ्यात त्यांची आई गेली. मी सांत्वनाला गेलो. दार त्यांनीच उघडलं, बसायला सांगितलं, बिनसाखरेची कॉफी केली. माफी कशी मागावी याचा मी वाटेत बराच विचार केला होता, पण त्यांनी शाळेतल्या पुस्तकांना लागलेल्या वाळवीचा विषय काढला आणि मी वाळवीवर बोलत राहिलो. उठताना धीर करून विचारलं, सिनेमा पाहिलात का?

"पाहिला ना. उम्म वजदीला घेऊन गेले होते, दुपारच्या खेळाला," त्या म्हणाल्या. "मध्यंतरानंतर झोप लागली मला. आईच्या दुखण्यात महिनाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, रगब. फार छान झोप लागली."